वेलीला पाय किती?

तक्ता थेट फाटकापाशी लावला होता, तिकीट काढून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडेल असा. डावीकडे वटवाघळाचा फोटो, उजवीकडे वेलीचा, आणि मध्ये ठळक लाल अक्षरांत ‘विरुद्ध’. खाली रकाने: वजन, आयुष्य, वेग, आहार, पाय. पायांच्या रकान्यात वटवाघळापुढे लिहिलं होतं ‘दोन’ आणि वेलीपुढे ‘नाहीत’.

वेलबाईंनी तो वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेलीला पाय नाहीत हे लिहायला कुणीतरी पगारी माणूस बसला होता. त्याने ते छापून घेतलं होतं, वर चकचकीत कागद चढवला होता, आणि आणखी कुणीतरी ते पाहून मान डोलावली होती. मग वटवाघळापुढे ‘पानं: नाहीत’ असं का नाही लिहिलं? ‘मुळं: नाहीत’ का नाही? नुसत्या उन्हावर पोट भरता येतं का, उभं राहू त्या मातीला कस देता येतो का, हे रकाने काढताना कुणी हात धरला होता? धावण्याच्या शर्यतीत माशाला उतरवायचं आणि मग तो हरला म्हणून सांगत सुटायचं, असला हा प्रकार.

तक्त्याखाली दोन पारदर्शक डबे होते. तिकिटाबरोबर मिळालेला बिल्ला आपल्या आवडत्याच्या डब्यात टाकायचा. ज्याचा डबा आधी भरेल तो राहणार, आणि दुसऱ्याच्या खोलीत भेटवस्तूंचं दुकान निघणार. म्हणजे कपांवर आणि टोप्यांवर वटवाघळाचं चित्र मिळावं म्हणून वेल तोडायची, किंवा वेलीचं चित्र मिळावं म्हणून वटवाघळं कुणाला तरी देऊन टाकायची. वटवाघळाचा डबा निम्म्यावर आला होता. वेलीच्या डब्यात तळाला थोडे बिल्ले होते आणि चॉकलेटचा एक चुरगळलेला कागद.

उद्यान प्राण्यांचं होतं आणि झाडांचंही. त्याच्या अगदी टोकाला, वाट चुकल्याखेरीज सहसा कुणी फिरकत नसे अशा कोपऱ्यात एक जुनी इमारत होती. तिचा अर्धा भाग काचेच्या छपराचा, लख्ख उजेडाचा, ते वेलघर. उरलेला अर्धा बिनखिडक्यांचा, ते वाघूळघर. दोन्हींच्या मध्ये एकच भिंत. वेलघरात शेंगांच्या कुळातली, आपल्या खाजकुयलीची लांबची बहीण शोभेल अशी एक दांडगी वेल होती. लांबलचक देठांच्या टोकाला तिची फिकट हिरवी फुलं घोसाघोसाने लोंबत. वाघूळघरात अंगठ्याएवढ्या अंगाची, लांब जिभेची वटवाघळं होती. रानात ही फुलांतला मध पितात. इथे काचेच्या नळ्यांतून साखरपाणी पीत.

वेलघर वेलबाईंकडे आणि वाघूळघर त्यांच्या नणंदेकडे, म्हणजे नवऱ्याच्या धाकट्या बहिणीकडे. तिला सगळे वाघूळबाई म्हणत. दोघी आपापल्या विषयात रीतसर शिकलेल्या, दोघींना आपापल्या कामाचा माज, आणि तो माज काही फुकाचा नव्हता. एकाच घरात राहायच्या, एकाच बसने कामाला यायच्या. मनासारखं चाललेलं असलं की वेलबाई नणंदेला अगं-तुगं करायच्या. बिनसलं की ‘वन्सं, तुम्ही’ सुरू व्हायचं, आणि मग घरातले सगळे आपापली ताटं उचलून दुसरीकडे जेवायला बसायचे.

वाघूळबाईंची कीर्ती त्यांच्या उलट्या दिवसासाठी होती. सकाळी उद्यान उघडलं की वाघूळघरातले दिवे हळूहळू मंद होत जात आणि विझत. संध्याकाळी फाटक बंद झालं की उजळत. त्यामुळे तिथली वटवाघळं माणसांच्या दिवसाला रात्र समजत आणि भरदुपारी लोकांच्या डोक्यावरून भिरभिरत. हे बसवायला त्यांना फार मेहनत पडली होती. दुसऱ्या उद्यानांतली माणसं हे पाहायला मुद्दाम येत, वह्या भरून नेत.

वेलबाईंचं काम याच्या बरोबर उलटं, संध्याकाळचं. त्यांची वेल दिवस कलल्यावर फुले. वरची पाकळी कमानीसारखी उभी राही, पण खालच्या पाकळ्यांची पेटी घट्ट मिटलेलीच असे. त्या पेटीच्या फटीत नाक खुपसून कुणी दाब दिला की ती फाटकन फुटे आणि परागांचा फवारा उडे. तसं झालं तरच शेंग, नाहीतर फूल गळून जाई. रानात हे काम वटवाघळं करतात, हे दोघींनाही तोंडपाठ होतं. इथे ते वेलबाई करत, करंगळीने, शिडीवर चढून, एकेका फुलाचं.

आता कुणीही विचारील की भिंतीपलीकडे वटवाघळं असताना शिडी कशाला? विचारण्यासारखंच आहे. नणंद म्हणे, माझी पोरं इथेच काचेत जन्मलेली, त्यांना फूल कशाशी खातात ते माहीत नाही, उगाच जाऊन दुखवून घेतील. भावजय म्हणे, माझ्या वेलीला कुणाच्या उष्ट्या नाकाची गरज नाही. असं म्हणत दोघींनी वर्षं काढली, आणि मधल्या भिंतीला कान लावून पाहण्याचं एकीच्याही मनात आलं नाही.

तक्ते लावायची हौस नव्या व्यवस्थापकांची. त्यांना सगळे तक्तेसाहेब म्हणत. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर त्याच्याशी भांडायला तरी सोपं गेलं असतं. तो हसतमुख होता, प्रत्येकाचं ऐकून घ्यायचा आणि ऐकलेलं सगळं रकान्यात घालायचा. कोणत्याही दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्यांतली एक चांगली आणि एक कमी चांगली ठरते, यावर त्याची श्रद्धा होती. तक्ता करण्याआधी तो दोघींकडे वेगवेगळा जाऊन माहिती घेऊन आला होता. तक्त्याच्या शेवटी ‘तज्ज्ञांचं मत’ असा रकाना होता. वटवाघळापुढे लिहिलं होतं: ‘वास येतो. सतत घाण करतात.’ वेलीपुढे लिहिलं होतं: ‘लोंबते. बाकी काही करत नाही.’

वेलबाईंना पहिलं मत कुणाचं ते शोधावं लागलं नाही, ते त्यांचंच होतं. त्या दिवशी नणंदेशी बोलणं बंद होतं, साहेब नेमके तेव्हाच आले, आणि जिभेला हाड नसल्याने ते बोलून गेलं. दुसरं मत कुणाचं हेही शोधावं लागलं नाही.

त्या रात्री जेवायला बसल्यावर जे झालं त्याचं सविस्तर वर्णन करण्यात अर्थ नाही. वन्सं, तुमच्या तोंडून माझ्या वेलीबद्दल हे निघालं, इथून सुरुवात झाली. आणि तुमच्या तोंडून माझ्या पोरांबद्दल, असं तिकडून उत्तर आलं. वेलबाई म्हणाल्या, तुमची पोरं उडतात हा त्यांचा पराक्रम नव्हे, पंख आहेत म्हणून उडतात. वाघूळबाई म्हणाल्या, वेल लोंबते हाही तिचा पराक्रम नव्हे. नवरा भाजी वाढता वाढता म्हणाला, मला दोन्ही आवडतात. त्यावर दोघींनी त्याच्याशी बोलणं बंद केलं, आणि त्या आठवड्यात दोघींचं तेवढं एकमत झालं.

वेलबाईंना खरा राग कशाचा होता? मोजणाऱ्याचा होता, मोजमापाचा होता, आणि नणंदेचा होता, तो अशासाठी की ती मोजमापात सामील झाली. वेल हरली तर ती एका दिवसात कापली जाणार होती. तिला दुसरीकडे हलवता येत नव्हतं, तिची मुळं फरशीखाली कुठवर गेली आहेत हे इमारत बांधणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. वटवाघळांना पिंजऱ्यात घालून दुसरं घर मिळालं असतं. म्हणजे एकीचं मरण आणि दुसऱ्याची नुसती बदली, अशी ही बरोबरीची स्पर्धा होती. हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

मग एक दिवस तक्तेसाहेबांनी निरोप धाडला: वेलीला मतं कमी पडतायत, कारण लोक तिथवर चालत जात नाहीत, तेव्हा फुलांचा एक घोस कापून फाटकापाशी फुलदाणीत ठेवावा. वाक्याच्या शेवटी ‘न्यायाच्या दृष्टीने’ असंही लिहिलं होतं. वेलबाईंनी कात्री घेतली. आदल्या संध्याकाळी उमललेला, अजून एकाही फुलाला त्यांचं बोट न लागलेला घोस त्यांनी कापला. आयुष्यात त्यांनी या वेलीचं वाळलेल्या फांदीखेरीज काही कापलं नव्हतं. घोस उचलून त्या निघाल्या. वाटेत वाघूळघराचं दार लागलं, आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली की हे आधी हिला दाखवते. बघ म्हणावं, तुझ्या ‘लोंबते’चं काय झालं ते.

आत शिरल्या तेव्हा बाहेर टळटळीत दुपार होती आणि आत मध्यरात्र. काही दिसेना. कुठेतरी नळ्यांपाशी नणंद उभी होती, तिच्या चपलांचा आवाज आला. वेलबाईंनी घोस उंच धरला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात कानाजवळून वारा गेला. मग हाताजवळून. मग हातातल्या घोसाला इतका हलका हिसका बसला की तो बसला की भास झाला हे कळू नये, आणि फाटकन आवाज झाला.

वेलबाई तोंड उघडं टाकून तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या मनगटावर काहीतरी बारीक पिठासारखं सांडलं.

“वहिनी, हलू नका,” नणंद अंधारातून हळूच म्हणाली.

पुन्हा वारा आला, पुन्हा फाटकन झालं. मग आणखी एकदा. काचेत जन्मलेली, साखरपाण्यावर वाढलेली ती पोरं एकेका फुलाशी जाऊन बरोबर त्या फटीतच नाक खुपसत होती, आणि फुटलेल्या फुलाकडे पुन्हा वळूनही बघत नव्हती. कुणी शिकवलं होतं त्यांना? वेलबाईंचा हात भरून आला, पण त्यांनी तो खाली घेतला नाही. वर उभी राहणारी ती कमानीसारखी पाकळी वटवाघळाचा आवाज त्याच्याकडेच परत धाडते, म्हणजे अंधारात त्याला हाक मारते, हे त्यांनी विद्यार्थ्यांना किती वेळा सांगितलं होतं. सांगणं वेगळं आणि आपल्या हातात त्या हाकेला ओ मिळणं वेगळं. त्यांना रडू आलं, आणि लगेच त्याचाही राग आला.

सगळी फुलं संपल्यावर नणंद जवळ आली. मग वेलबाई म्हणाल्या की या दोघांच्या मध्ये ‘विरुद्ध’ लिहिणाऱ्याला धरून इथे उभं केलं पाहिजे. वाघूळबाई म्हणाल्या, करूच.

बेत सरळ होता. भिंतीत वरच्या बाजूला एक जाळीचा झरोका होता, दिवसा उजेड जाऊ नये म्हणून काळ्या कापडाने झाकलेला. त्यातून वेलीची एक फांदी वाघूळघरात वळवायची. तिला कळ्या आल्या की उद्यानाच्या विश्वस्तांना भरदुपारी बोलवायचं आणि अंधारात उभं करून दाखवायचं: ही स्पर्धा नाही, हे एकच काम आहे, ते दोघांनी वाटून घेतलं आहे. दोघी कामाला लागल्या. घरात पुन्हा अगं-तुगं सुरू झालं. नवऱ्याशी बोलणंही सुरू झालं. फांदी झरोक्यातून पलीकडे गेली, खाली झुकली, तिला देठ सुटले, कळ्या टपोरल्या. तक्तेसाहेबांना विश्वस्तांची तारीख मागितली तेव्हा त्यांनी आनंदाने दिली, आणि तक्त्यात ‘प्रात्यक्षिक’ असा एक रकाना वाढवला.

विश्वस्त आले. अंधारात एकमेकांच्या पायांवर पाय देत उभे राहिले. वटवाघळं भिरभिरत होती, घोसांजवळ जात होती, हुंगल्यासारखं करून परत नळ्यांकडे वळत होती. वेलबाईंनी टॉर्चचा लाल उजेड वर टाकला. कळ्या टपोऱ्या होत्या, भरलेल्या होत्या आणि घट्ट मिटलेल्या होत्या. एकही वरची पाकळी उभी राहिली नव्हती. सगळे थांबले. कुणीतरी खोकलं. एका विश्वस्तांनी नणंदेला विचारलं की ही वटवाघळं चावतात का. आणखी थोडं थांबून तक्तेसाहेब, अगदी सौम्यपणे, म्हणाले की बहुधा यांची एकमेकांशी ओळख झालेली दिसत नाही. विश्वस्त हसले. ते हसणं वेलबाईंच्या जिव्हारी लागलं.

निर्णय तिथेच, दोन्ही दारांपुढच्या बोळात झाला. डबा तर आधीच भरला होता. वटवाघळं राहतील, वेलघराचं दुकान होईल, कापायचं काम महिनाअखेरीस. तक्तेसाहेबांनी वेलबाईंना सांगितलं की वाईट वाटून घेऊ नका, लढत छान झाली.

“लढत कुणाची झाली?” वेलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बोळातले सगळे जागच्या जागी थांबले. “तिने कुणाशी लढायचं ठरवलं होतं? तिला विचारलंत? तुम्ही तिच्या पायांची मोजदाद केलीत, ती मी वाचली. उद्या मला आणि शिडीला शेजारी उभं कराल आणि शिडी उंच म्हणून मला घरी पाठवाल.”

साहेब म्हणाले की तुमच्या भावना समजू शकतो. वेलबाई तिथून निघून गेल्या, कारण आणखी थांबल्या असत्या तर त्यांच्या हातून काहीतरी झालं असतं.

दोघींनी एकमेकींना दोष दिला नाही असं नाही. तुमची वेल हट्टी, तुझी पोरं आळशी, हे सगळं झालं. पण संध्याकाळी वेलघरात शिडीवर उभं असताना वेलबाईंच्या लख्खकन ध्यानात आलं. इकडच्या काचेखालची फुलं दिवस मावळल्याबरोबर उमलत होती. झरोक्यापलीकडच्या कळ्यांवर मात्र नेमके त्याच वेळी नणंदेचे दिवे लागत होते. मुळं खऱ्या दिवसात, शेंडा खोट्या दिवसात. फांदीने कुणाचं ऐकायचं? म्हणून ती मिटून बसली होती. आणि ज्या घटकेला वेल हाक मारते त्या घटकेला वटवाघळं दिव्यांच्या उजेडात गाढ झोपलेली असत. दोघी आपापल्या वेळेत इतक्या मुरल्या होत्या की दोन वेळा कधी एका जागी येत नाहीत हे दोघींपैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या दिवशी दुपारी हातातला घोस चालला, कारण तो आदल्या संध्याकाळी इकडे उमललेला होता.

उपाय एकच होता. सूर्य काही मागेपुढे करता येत नव्हता. वाघूळघराचा दिवस सुलटा करायचा, तर मग दुपारी वटवाघळं झोपणार, लोकांना पांघरूण घेतल्यासारखी निजलेली काळी गाठोडी दिसणार, आणि ज्याच्यासाठी नणंदेचं नाव झालं तेच संपणार. वेलबाई शिडीवरून उतरल्या. घरी जाताना बसमध्ये शेजारी बसून त्यांनी नणंदेला ते सांगितलं नाही. जेवतानाही नाही. वेलीसाठी त्या कुणाशीही भांडल्या असत्या, पण हे मागणं त्यांच्या तोंडातून निघेना. मागितलं असतं तर ती हो म्हणाली असती, आणि तेच त्यांना नको होतं.

काही दिवसांनी त्यांना कळलं की मागायची गरज उरलेली नाही. संध्याकाळी त्या वेलघर बंद करत होत्या, तेव्हा झरोक्यातून येणारा दिव्यांचा पिवळा पट्टा दिसला नाही. त्या पलीकडे गेल्या. वाघूळबाई भिंतीवरच्या घड्याळाची पेटी उघडून बसल्या होत्या. कळ्या का मिटून बसल्या ते त्यांनाही आपलं आपण उमगलं होतं, आणि रोज थोडं थोडं करत त्यांनी रात्र पुढे सरकवत आणली होती. पोरं सुरुवातीला गोंधळली, एकाने तर दोन दिवस नळीला तोंड लावलं नाही, पण आता बसलंय, असं त्या म्हणाल्या. वेलबाईंनी विचारलं की हे आपल्याला का सांगितलं नाही. नणंद म्हणाली की तुम्ही नको म्हणाला असता. ते खरं होतं, म्हणून वेलबाईंना फार राग आला.

दुपारच्या तक्रारी साहेबांपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. लोक लांबवर चालत यायचे आणि झोपलेली वटवाघळं बघून परत जायचे. लोकांनी निवडून दिलेला प्राणी लोकांनाच दिसेनासा झाला. तक्तेसाहेब संध्याकाळी स्वतः आले, पहिल्यांदाच चेहऱ्यावर हसू नव्हतं. हा खोडसाळपणा आहे, असं म्हणाले. वाघूळबाईंनी नुसतं दार उघडून त्यांना आत घेतलं. बाहेर अंधारून येत होतं, आत तसंच. झरोक्यातून आलेल्या फांदीवर कमानी उभ्या राहिल्या होत्या. साहेबांना काही विचारायचं होतं, ते अर्ध्यावर राहिलं, कारण त्यांच्या डोक्यावर फाटकन झालं. मग पलीकडे. मग सगळीकडेच. त्यांच्या कोटावर पराग सांडले. साहेब बराच वेळ मान वर करून उभे राहिले, आणि त्यांना आवडलं, हे मान्य केलंच पाहिजे. आवडलं म्हणूनच त्यांचं डोकं लगेच चालू झालं.

बोळात येऊन त्यांनी तोडगा काढला. संध्याकाळचा खेळ लावता येईल, वेगळं तिकीट. दुकान फाटकापाशी काढू. पण विश्वस्तांचा ठराव एकच दालन ठेवायचा आहे आणि तो बदलणार नाही. तेव्हा वेलघर हे दालन म्हणून बंद होईल. वेल मात्र कापावी लागणार नाही, कारण ती वाघूळघराच्या खात्यावर घेता येते. वटवाघळांचं खाद्य म्हणून. अर्थात मग वेलीचा विभाग वेगळा उरणार नाही, तो वाघूळबाईंच्या हाताखाली येईल.

वेलबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी निदान ‘विरुद्ध’ होतं, त्यात दोन बाजू तरी होत्या. आता त्यांची वेल साखरपाण्याच्या नळ्यांच्या आणि चिरलेल्या केळ्यांच्या पंक्तीला बसणार होती. वटवाघळं तिचं खातात, हे अर्धंच खरं. वेल त्यांच्याकडून काम करून घेते, उचलून रानभर आपले पराग वाहायला लावते, हे कुठल्या खात्यावर लिहिणार? आणि स्वतः त्या, इतकी वर्षं या काचेखाली घालवलेल्या, नणंदेच्या हाताखाली. माझी वेल कुणाचं खाद्य नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हा शब्द लावून जगण्यापेक्षा कापलेली बरी, असंही म्हणाल्या. साहेबांनी खांदे उडवले. सकाळपर्यंत कळवा, म्हणाले, आणि गेले.

दोघी बोळात उरल्या. एका बाजूला वेलघराचं दार, एका बाजूला वाघूळघराचं.

“वहिनी, हो म्हणा,” वाघूळबाई म्हणाल्या.

“मेले तरी म्हणणार नाही. खाद्य म्हणतो तो तिला.”

“म्हणू दे.”

“तुझं काय जातंय म्हणायला?”

वाघूळबाईंनी घड्याळाच्या पेटीची किल्ली अजून हातातच धरली होती. त्या इतक्या वर्षांत वहिनींशी कधी अशा आवाजात बोलल्या नव्हत्या.

“माझं जायचं ते गेलं. मी माझी रात्र देऊन टाकली, वहिनी. तुम्ही एक शब्द द्या.”

वेलबाईंनी नणंदेकडे बघितलं. उत्तर द्यायला त्या सहसा चुकत नसत. आताही काही वाक्यं जिभेवर आली, चांगली झणझणीत होती, आणि एकेक करून त्यांनी ती गिळली. साहेबावरचा राग तसाच होता, तक्त्यावरचा तसाच, त्या शब्दावरचा तर मरेपर्यंत जाणार नव्हता. पण तो राग पोसायला वेल मारायची आणि हिने सोडलेलं सगळं मातीत घालायचं, एवढं त्यांच्याने होईना.

त्या वेलघरात गेल्या, नणंद मागोमाग आली, आणि त्यांनी कात्री हातात घेतली. शिडी मधल्या भिंतीला लावली. झरोक्याला फांदीपुरतं भोक ठेवून बाकी सगळीकडे जाळी बसवलेली होती. वर चढून त्यांनी जाळी एका बाजूने कापायला सुरुवात केली.

“काय करताय?” नणंदेने खालून विचारलं.

“खाद्य वाढतेय,” वेलबाई म्हणाल्या. “एका फांदीवर पोट भरणार आहे का त्यांचं? शिडी धर नीट.”

नणंदेने शिडी धरली. जाळी सुटून खाली पडली. वेलबाई बाजूला झाल्या आणि पलीकडून पहिलं वटवाघूळ त्यांच्या गालाला वारा घालत काचेखाली शिरलं.